आप्पांच्या वस्तादनं सिनेमा सोडला

सिनेमाचा संगीतकार बदलला म्हणून कुणी समोरचं ताट बाजूला सारत नाही. विश्वनाथआप्पांनी सारलं. ताटात शेपूची भाजी होती, गरम भाकरी होती, आणि आप्पांसारखा मन लावून जेवणारा माणूस मी पाटोद्यात दुसरा पाहिलेला नाही. त्यांच्या पत्नी गिरिजाकाकू घाबऱ्याघुबऱ्या जिना चढून माझ्या खोलीच्या दारात आल्या.

"सर, जरा खाली येता का? ह्यांचं कुनीतरी गेलंय. कोन गेलं ते सांगंनात. नुसतं भिताडाकडं तोंड करून बसलेत."

मी खाली गेलो. आप्पा खरंच भिंतीकडं तोंड करून बसले होते. शेजारी जीपवाला शंकर मोबाईल हातात धरून उभा होता आणि त्याचाही चेहरा उतरला होता.

"कोण गेलं, आप्पा?"

"वस्ताद गेला."

"कुठं?"

"सिनेमा सोडून गेला. चौथ्या भागाला वस्ताद न्हाई."

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला, भरल्या ताटावर दुसरं ताट पालथं घातलं आणि आत निघून गेल्या. मला मात्र हसू आलं नाही. आप्पांचा शेजार मला तोपर्यंत काही वर्षं लाभला होता, आणि त्यांचं काय गेलं ते मला कळत होतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला मास्तर. बदली होऊन पाटोद्याला आलो तेव्हा आप्पांच्या घरातली वरची खोली भाड्यानं घेतली. खाली रस्त्याच्या बाजूला त्यांचं भांड्यांचं दुकान, मागं घर. दुकान पुतण्या बघायचा, पण गल्ल्याशेजारच्या गादीवर आप्पा असल्याशिवाय गिऱ्हाइकाला दुकान उघडं आहे असं वाटत नसे. पांढरी बंडी, कपाळावर विभूतीचे पट्टे आणि नजर कुठंतरी छताच्या कोपऱ्यात. काचबिंदूनं त्यांचे डोळे कुरतडत कुरतडत नेले होते. मी आलो तेव्हा त्यांना उजेड कळायचा, माणूस कळायचा नाही.

पण बिचारा म्हणावा असा हा माणूसच नव्हता. कुणी रस्ता ओलांडताना हात धरला की झटकून टाकायचे. "मी आंधळा हाय, लंगडा न्हाई." भांडायला पुढं आणि चहा पाजायला मागं. एक कप मागवून तिघांत वाटायचे आणि वर विचारायचे, "झाला ना पोटभर?" पातेलं घ्यायला आलेली बाई वजन विचारायची, तर हे पातेलं उचलून बोटाच्या पेरानं ठणकन वाजवायचे. "ऐका, ऐका. नातवाच्या लग्नापातुर बोलंल तुमच्याशी." बाईला पातेल्याशी बोलायचं नसायचं, तिला भाव कमी हवा असायचा. तो आप्पा कधी करत नसत.

सिनेमाचं वेड त्यांना लहानपणापासून. जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा, तो हे पडद्याच्या मागच्या बाजूला बसून बघायचे. तिथं तिकीट नसे. "मागनं बघितलं की सगळं उलटं. हिरो डाव्या हातानं मारायचा. लई दिवस मला वाटायचं, सगळे हिरो डावरेच असत्यात." डोळे जायला लागले तसा त्यांनी सिनेमा सोडून दिला. दिसत नाही म्हणून नव्हे, शेजारचा माणूस कानात सांगत बसतो म्हणून. "दुसऱ्यानं चावून दिलेला घास हाय तो," ते म्हणायचे. "मला न्हाई जात."

मग 'वज्रनाथ' आला. हिंदी सिनेमा. दिवसा गॅरेजात पाना घेऊन बसणारा एक पोरगा संकट आलं की काळा पोशाख चढवून छपरांवरून झेपा घेतो, अशी ती गोष्ट. एरवी आप्पांनी नाव काढलं नसतं. पण बीडला निघालेल्या शंकरनं त्यांना थट्टेनं म्हटलं, "चला आप्पा, नुसता गारवा खायला चला." उन्हाळा होता. आप्पा गेले. आणि परत आले ते दुकानात न शिरता थेट स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. "गिरिजे," म्हणाले, "मी सिनेमा बघून आलो." काकू मला हे सांगताना 'बघून' या शब्दावर थांबायच्या. त्यांनी नुसता गूळ काढून हातावर ठेवला.

झालं होतं ते असं. त्या सिनेमाच्या संगीतकारानं प्रत्येक माणसाला आपापला आवाज देऊन ठेवला होता. वज्रनाथाला दिला होता संबळ. गोंधळ्यांचा संबळ, आपल्याकडं देवीपुढं घुमतो तो. पोरगा साध्या कपड्यात असला की एकाच हाताचा, दबका. पोशाख चढवला की दोन्ही हातांचा. त्याच्या आईसाठी जात्यावर बसलेल्या बाईसारखं गुणगुणणं. खलनायक यायचा तेव्हा वंगण न घातलेलं दार उघडल्यासारखं काहीतरी करकरायचं. जवळ आला की आवाज जवळ, पाठीमागं असला की पाठीमागं. डोळस माणसाला हे मागं कुठंतरी चाललेलं वाजवणं वाटायचं. आप्पांना तो सगळा सिनेमा होता. कुणीही काही न सांगता त्यांना कोण आलं, कोण गेलं, कोण खोटं बोलतंय हे कळत होतं.

त्या संगीतकाराचं नाव आप्पांनी कधी घेतलं नाही. वस्ताद, एवढंच. आणि वस्ताद आपल्या बीड जिल्ह्यातलाच असणार यावर ते ठाम होते. "संबळाचा हा हात चकलांब्याकडचा हाय. तिकडंच आजोळ असनार." याला पुरावा काडीचा नव्हता. पण आप्पा ते इतक्या वेळा आणि इतक्या ठामपणे बोलले, की चकलांब्याचा एक म्हातारा भांडी घ्यायला आला तेव्हा त्यानं स्वतःहून सांगितलं, "त्यो सिनेमाचा वाजिवनारा आमच्याच गावचा हाय. ल्हानपनी बघितलंय मी त्याला." आप्पांनी विजयी मुद्रेनं छताकडं पाहिलं. म्हाताऱ्याला त्या दिवशी अख्खा चहा मिळाला.

तिसऱ्या भागाला मीही गेलो होतो. शंकरची जीप हंगामात शिरूर कासारकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या पोचवते, त्या दिवशी तिच्यात आप्पा, मी आणि गावातली वज्रनाथवेडी पोरं कोंबलेलो. काकूंनी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. त्या स्वतः कधी यायच्या नाहीत. अंधारात त्यांचं डोकं दुखायचं. दिवे गेले, सिनेमा सुरू झाला, आणि मी माणुसकी म्हणून आप्पांच्या कानाशी वाकून सांगू लागलो, "आप्पा, आता एक मोठी इमारत दाखवतायत..."

त्यांनी माझा गुडघा दाबला. "सर, गप बसा वो. मला बघू द्या."

मी सरळ होऊन बसलो. पडद्यावर अजून काहीच नव्हतं, नुसता रिकामा जिना होता, आणि आप्पा मोठ्यानं म्हणाले, "आला! मागनं आला!" पुढच्या क्षणाला वज्रनाथ मागून आला. पुढच्या रांगेतून आवाज आला, "ए म्हाताऱ्या, सिनेमा फोडू नको बे!" आप्पांवर परिणाम शून्य. ते सगळा वेळ असेच ओरडत होते, एकदोनदा चुकलेही. एकदा "आला!" म्हणून ओरडले आणि ते नुसतं आईचं स्वप्न निघालं. मग स्वतःच खो खो हसले. "वस्तादनं फसविलं मला. फसविलं बघा." आपल्याला कुणीतरी फसवलं याचा इतका आनंद झालेला माणूस मी पाहिला नव्हता. फसायलाही आधी दिसावं लागतं, आणि ते दिसणं त्यांना परत मिळालं होतं.

सिनेमा संपला तरी उठायचं नाही, हा आप्पांचा नियम. शेवटी नावं सरकू लागली की ते एकच गोष्ट विचारायचे, "वस्तादचं नाव आलं का?" आलं म्हटलं की उभं राहून टाळ्या. आम्ही सगळे उभे. झाडायला आलेला माणूस खराटा टेकवून आमच्याकडं बघत राहायचा.

तर तो वस्ताद गेला. मोबाईलवर आलेल्या बातमीत कारण धड नव्हतं. निर्मात्यांना पुढच्या भागासाठी वेगळा आवाज हवा होता असं काहीतरी होतं. वस्तादनं सगळ्यांचे आभार मानले होते, बस्स. पोरं चिडली. शंकरनं चौथा भाग बघणार नाही म्हणून शपथ घेतली, बाकीच्यांनी त्याला साथ दिली. फ्लेक्स छापणारा संतोष त्यांच्यातलाच. तो म्हणाला, वस्तादला असं गुपचूप जाऊ द्यायचं नाही, चौकात निरोपाचा फ्लेक्स लावायचा.

सकाळी फ्लेक्स लागला. मधोमध वस्तादचा फोटो. फोटोला झेंडूच्या हाराची किनार. दोन्ही बाजूंना तेवत्या समया. वर मोठ्या अक्षरात 'भावपूर्ण निरोप' आणि खाली 'शोकाकुल : समस्त वज्रनाथप्रेमी, पाटोदा'. शंकर बघतच राहिला.

"बे संत्या, जित्या मानसाला समया लावल्या का बे?"

"निरोपाचा येवढाच डिझाईन हाय आपल्याकडं," संतोष म्हणाला. "दुसरा वाढदिवसाचा हाय. तो लावू का?"

वाद मिटेपर्यंत बाजार भरला होता. येणारा-जाणारा फ्लेक्ससमोर हात जोडून पुढं जात होता. आणि पाटोद्यात या प्रकरणाचं घर कोणतं हे सगळ्यांना माहीत असल्यानं माणसं दुकानात येऊन बसायला लागली. आप्पा गादीवर होते. रात्रीचं ताट तसंच झाकलेलं होतं. कुणी नुसतं बसून जायचं, कुणी "लई वाईट झालं" म्हणायचं. मी शाळेला निघालो होतो, तो पायरीवरच थबकलो. तेवढ्यात चकलांब्याचा तो म्हातारा आला. बाजाराला आलेला, हातात मेथीची जुडी. आप्पांच्या जवळ बसला आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"काय झालं व्हतं वो? वय तर काईच न्हवतं."

मला वाटलं, आप्पा आता सांगतील, की बाबा, माणूस जिवंत आहे. आप्पांनी सांगितलं नाही.

"काई न्हाई झालं," ते म्हणाले. "गेला."

"चांगला व्हता."

"लई चांगला व्हता." आणि आप्पांच्या डोळ्यांतून पाणी आलं. दिसत नसलेल्या डोळ्यांतून पाणी मात्र सगळ्यांसारखंच येतं. म्हाताऱ्यानं उपरण्याच्या टोकानं स्वतःचेही डोळे पुसले. एका न बघितलेल्या माणसासाठी दोन म्हातारे रडत होते, आणि एकालाही ते खोटं वाटत नव्हतं. मलाही वाटलं नाही.

दुपारी शेजारच्या घरातून पिठलं-भाकरी आली. ज्या घरात माणूस गेलं तिथं त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजार जेवण पोचवतो. ती रीत आमच्या शेजारणीनं पाळली होती. काकू तिला खरं सांगायला तोंड उघडत होत्या, पण आतून आप्पांचा आवाज आला, "घे. तिचा मान ठेव." आणि ते जेवले. आदल्या रात्रीपासूनचा पहिला घास. काकू मला नंतर म्हणाल्या, "मला आधी कळलंच न्हाई, सर. मला वाटलं नाटक करतेत. घरच्या ताटाला शिवले न्हाईत आनि ते दुखवट्याचं पिठलं जेवले, ते बघून कळलं, खरंच कुनीतरी गेलंय."

शपथा घेतल्या तरी चौथा भाग लागल्यावर कुणाला राहवलं नाही. आप्पाही तयार झाले. आठवडाभर स्वतःचीच समजूत घालत होते. "नवा मानूस बी शिकलेलाच असंल. ताल बदलंल एखादा. पर संबळ कावून काढंल? काढनार न्हाई." काकूंनी धपाटे दिले. आप्पांनी नवी बंडी घातली.

पडद्यावर पहिल्या क्षणापासून धडधडाट सुरू झाला. तो चांगला होता की वाईट हे मला सांगता येणार नाही. पोरं तर खुशीत होती. पण तो सगळ्यांसाठी एकच होता. आई आली तरी तोच, खलनायक आला तरी तोच, गाडी उलटली तरी तोच. आप्पा पुढच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून वाकले होते. कुठंतरी एक ढोल घुमला आणि ते ताठ झाले. "आला!" पडद्यावर पूल कोसळत होता. मग थोडी शांतता झाली, एका बाईचा आवाज आला, आणि आप्पा म्हणाले, "आई आली." पुढच्या रांगेतलं पोरगं मागं वळलं. "आई कुठं, काका? ती व्हिलनची बाई हाय." चारदोन जण हसले. वाईट मनानं नव्हे, पण हसले.

त्यानंतर आप्पांनी ओरडणं सोडलं. शिट्ट्या वाजल्या की त्या दिशेनं मान वळवायचे, तोवर शिट्ट्या थांबलेल्या असायच्या. बऱ्याच वेळानं त्यांनी खुर्चीची पाठ सोडली आणि मागं टेकले.

"सर."

"हं, आप्पा."

"सांगा."

मी वर्गात पोरांना गोष्ट रंगवून सांगतो अशी माझी ख्याती आहे. त्या अंधारात माझी जीभ अडखळत होती. तो आला. त्यानं उडी मारली. त्याला धरलं. आता सुटला. आप्पा प्रत्येक वाक्याला "बरं" म्हणत होते. आई मेली तेव्हा मी सांगितलं, "आई गेली, आप्पा." ते म्हणाले, "बरं." पहिल्या तीन भागांत तिला खरचटलं तरी हा माणूस हळहळायचा.

शेवटी नावं सरकू लागली. कुणीच बसून राहिलं नाही. बाहेर पडताना पायऱ्यांवर माझ्या कोपराला काहीतरी लागलं. पाहिलं तर आप्पांनी तो धरला होता. घट्ट धरला होता. मी न बघितल्यासारखं करून पावलं हळू टाकत राहिलो.

जीपमध्ये पोरं हळूहळू मारामारीबद्दल बोलायला लागली. आप्पांनी ती बोलून संपेपर्यंत वाट पाहिली.

"डोळे गेले तवा डॉक्टरनं आधी सांगितलं व्हतं," ते म्हणाले. "हळूहळू जाईल म्हनला. तयारीला टाइम दिलता. हे एकदम गेलं."

शंकरनं गाडी बाजूला घेतली. कशाला घेतली ते त्यालाही सांगता आलं नसतं. मग त्यानं परत चालू केली.

पुढं महिन्याभरात शंकरच्या जीपमध्ये नव्या भागाचं वाजवणं सुरू झालं. त्यात त्याचा काही दोष नाही. पोरांना दुसरं काहीतरी आवडलं की जुनं मागं पडतं, आणि पडावंही. पण आप्पांच्या दारावरून जाताना तो बटण दाबून ते बंद करायचा, हे मी वरच्या खिडकीतून कितीदा तरी पाहिलं. आप्पा दुकानात येऊन बसायचे. पातेली वाजवायचं त्यांनी सोडून दिलं. गिऱ्हाइकानं भाव विचारला तर पुतण्याला विचार म्हणायचे. काही वेळा तर भाव कमीही करायचे. ते बघून मला जास्तच वाईट वाटायचं.

मग माझी बदली गेवराईकडं झाली. सामान टेम्पोत भरून झालं, आणि मी निरोप घ्यायला खाली गेलो. दुपारची वेळ. दार उघडंच होतं. टीव्हीवर तोच चौथा भाग लागला होता. काकू पाटावर बसून तूर निवडत होत्या, आणि सांगत होत्या. आयुष्यात एकही सिनेमा न बघितलेल्या काकू.

"आता एक बाई आली. साडी चांगली हाय, पर पदराला काई न्हाई. आता त्यो काळ्या कपड्यातला आला. कावून आला काय म्हाईत. आता वर चढला. पडंल की वो! न्हाई, न्हाई पडला."

"हं," आप्पा म्हणत होते. त्यांचं तोंड टीव्हीकडं नव्हतं. ते काकूंकडं वळून बसले होते. एक हात मांडीवर, दुसरा कानामागं.

आत कुकरची शिट्टी झाली. काकू सूप खाली ठेवून उठल्या आणि लगबगीनं आत गेल्या. टीव्हीच्या धडधडाटात आप्पांना ते कळलं नसावं. ते तसेच पाटाकडं तोंड करून बसून राहिले.

"मग?" त्यांनी विचारलं.

मी दारात उभा होतो. सांगावं असं फार वाटलं. पण ते मला विचारत नव्हते.

"मग, गिरिजे? पुढं काय झालं?"

"आले वो, आले!" आतून काकूंचा आवाज आला. "जरा थांब म्हनावं त्याला!"

आप्पा थांबले. सिनेमा पुढं चालत राहिला.